स्वस्त टर्बोच्या हिशेबात राहून गेलेलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या स्पोर्ट्स कारला स्वस्तात टर्बो बसवण्यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला. लेख झकास होता, पण हिशेब अर्धाच मांडला होता. तो छापून आल्यापासून पोरं भंगारातला टर्बो पिशवीत घालून दुकानात येतात आणि विचारतात, "मामा, हा बसंल का?" म्हणून हे पत्र.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं इंजिन बोअरिंगचं, म्हणजे झिजलेली सिलेंडरं आतून कापून पुन्हा मापात आणण्याचं दुकान आहे. नाद मलाही आहे, तेव्हा कुणाचा हिरमोड करायला लिहीत नाही. टर्बो बसतो. शंभर वर्षांपूर्वीचं तंत्र आहे हे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीनं १९०५ मध्येच त्याचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या धुरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं इंजिनात हवा कोंबायची. बाहेरच्या हवेचा दाब साधारण एक बार असतो, त्यावर आणखी अर्धा बार दाब दिला तर कागदावर दीडपट हवा जाते. दाबलेली हवा तापून पातळ होते, त्यामुळे प्रत्यक्षात फायदा त्याहून कमीच, पण गाडी चालवणाऱ्याला फरक पहिल्या वळणातच कळतो.

पिशवीतला टर्बो बहुतेक वेळा तेराशे सीसीच्या डिझेल गाडीचा असतो, कारण तोच मुबलक आणि स्वस्त मिळतो. इथं आपल्या गावाला वेगळं सांगायला नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, सगळं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सारखं नसतं. पेट्रोल इंजिनाचा धूर जोरात चालवल्यावर नऊशे अंशांच्या वर जातो, डिझेलचा त्याहून शे-दोनशे अंशांनी थंड. डिझेलसाठी ओतलेलं टर्बोचं घर पेट्रोलवर लाल होऊन तडकू शकतं. त्या टर्बोत धुराचा झोत कमीजास्त करणारी हलती पाती असली तर ती उष्णतेनं जाम होण्याची भीती आणखी. पोर्शनं २००६ मध्ये ९११ टर्बोच्या पेट्रोल इंजिनावर अशी पाती वापरली, पण त्यासाठी खास मिश्रधातू घेतला. शिवाय छोट्या डिझेलचा टर्बो सोळाशेच्या पेट्रोल इंजिनाला वरच्या रेसमध्ये पुरत नाही. खाली खेचतो आणि वर गुदमरतो.

आता राहून गेलेला हिशेब. टर्बोवर जेवढे पैसे जातात त्याच्या कितीतरी पट बाकीच्या सामानावर जातात. इंजिनाचा धूर टर्बोत नेणारा मॅनिफोल्ड बनवून घ्यायचा, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, पेट्रोलचा पंप, क्लच, रेडिएटर आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ट्यूनिंग, म्हणजे इंधन आणि ठिणगीचा मेळ बसवणं. परदेशात माझदा मियाटासारख्या छोट्या स्पोर्ट्स गाडीला तयार किट मिळतं, नटबोल्ट आवळले की झालं. आपल्याकडच्या जुन्या सॅन स्टॉर्म स्पोर्ट्स गाडीला किंवा फियाटच्या पालिओ सोळाशेला असं किट कुठून आणणार? एकेक वस्तू घडवावी लागते. नेहमीच्या पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा लागते. दाबाखाली चालवताना ती साडेअकरा-बारावर आणावी लागते आणि ठिणगीही मागं घ्यावी, म्हणजे थोडी उशिरा पाडावी लागते. ते केलं नाही तर नॉकिंग होतं, म्हणजे सिलेंडरमधलं मिश्रण नीट जळण्याऐवजी आपोआप भडकून पिस्टनला ठोके देतं. गगनबावड्याच्या घाटात तिसऱ्या गिअरला पाय दाबून चढताना पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज आला, तर समजा पिस्टनची कड चालली. अशी पिस्टनं माझ्या टेबलावर पडून आहेत, कुणीही येऊन बघावीत.

अनुभवी कंपन्याही इथं फसल्या आहेत. अमेरिकेच्या ओल्ड्समोबिलनं १९६२ मध्ये जेटफायर नावाची टर्बोची गाडी काढली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधलं मिश्रण पिस्टन किती पट दाबतो ते, १०.२५ इतकं चढं ठेवलं, आणि नॉकिंग होऊ नये म्हणून पाणी-मेथॅनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडलं. मालक ती टाकी भरायलाच विसरायचे. दोन वर्षांत गाडी बंद झाली.

कॉम्प्रेशन उतरवायला काही मिस्त्री हेडखाली दोन पॅकिंग घालतात. हे मला अजिबात पटत नाही. ज्वलनाच्या जागेचा आकार बिघडतो आणि दाब वाढल्यावर पहिलं तेच पॅकिंग जातं. पिस्टन बदला, नाहीतर मूळ कॉम्प्रेशन ठेवून दाब ०.४ बारच्या आत ठेवा. त्याआधी चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन गेज लावून मोजा. एखाद्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरला तर टर्बोचा विषय तिथंच थांबवा आणि ते पैसे बोअरिंग, रिंगा आणि बेअरिंगवर घाला. (हो, यात माझा धंदा आहे. पण उडालेल्या इंजिनात माझा धंदा जास्त होतो.)

एक बारीक गोष्ट हमखास चुकते. टर्बोतून ऑइल परत येतं ते फक्त उताराने. ती नळी जाड हवी, कुठंही वर न चढणारी, आणि इंजिनाच्या तळच्या ऑइल चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारी. बारीक नळी लावली की ऑइल टर्बोत तुंबतं, गाडी निळा धूर सोडते आणि लोक टर्बो खराब निघाला म्हणून दुसरा आणतात.

माझं मत विचाराल तर आपल्या गावाच्या हाताला सुपरचार्जर जास्त जमेल. तोही इंजिनात हवा कोंबतो, पण धुराऐवजी इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिनाची थोडी ताकद खातो, पण धुराच्या बाजूला हात लावावा लागत नाही. जुन्या मर्सिडीज कॉम्प्रेसर गाड्यांवरचे ईटनचे सुपरचार्जर आपलं ऑइल स्वतःजवळच ठेवतात, इंजिनातून नळी ओढायची गरज नाही. दाब किती हवा ते पुलीच्या मापावर ठरतं. पुली आणि ब्रॅकेट घडवणं हे ऑइल इंजिनं बनवणाऱ्या कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. इंधन आणि ठिणगीचा हिशेब मात्र इथंही टळत नाही.

इंधनाचंही बोललं पाहिजे. आपल्याच साखर कारखान्यांचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्के येतं. त्यानं ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची नॉकिंग न होऊ देण्याची ताकद, वाढतो, तेव्हा दाबाच्या इंजिनाला बरंच. पण इंधन जास्त लागतं, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीचे रबरी पाइप त्यानं फुगतात नि भेगाळतात. दाबाच्या गाडीत तापलेल्या टर्बोशेजारी पेट्रोल गळणं म्हणजे आग. पाइप आधी बदला.

आपल्या लेखात कायद्याबद्दल एक ओळही नव्हती, हे मला सगळ्यात खटकलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ स्वरूपात मालकाला मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजीला मंजूर किट आणि आरसी बुकात नोंद असा मार्ग तरी आहे. गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणी नूतनीकरणाला ती तपासणीसाठी न्यावीच लागते, तेव्हा बॉनेट उघडणारच. अपघात झाला आणि विमा कंपनीनं हात वर केले तर घरच्यांनी कुणाकडं जायचं?

म्हणून विनंती अशी की, पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि एखादी विमा कंपनी यांच्याकडून दोन प्रश्नांची लेखी उत्तरं घेऊन छापावीत. फक्त ट्रॅकवर पळवायच्या जुन्या गाडीला टर्बो किंवा सुपरचार्जर लावला तर तिची नोंदणी रद्द करून घ्यायची का, आणि ती ट्रेलरवरून नेताना कोणती कागदपत्रं जवळ ठेवायची?

आपला,
एक बोअरिंगवाला, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर