बिनडिस्कच्या डब्यावर लावलेले पैसे

चि. मिहीर,

अनेक आशीर्वाद. क्लाउड कम्प्युटर (आपल्याकडे फक्त पडदा, खरं काम कंपनीच्या दूरच्या यंत्रावर) भाड्याने देणाऱ्या कंपनीचे शेअर घ्यायचं तुझ्या मनात आहे, आणि कारण एवढंच की ‘आता पीसीचे दिवस भरले’. अमेरिकेच्या शेअरबाजारात 1996 मध्येही हेच बोललं जात होतं. तो हिशेब आधी बघ.

सप्टेंबर 1995 मध्ये ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या लॅरी एलिसनने पॅरिसला 500 डॉलरच्या नेटवर्क कम्प्युटरची कल्पना मांडली. त्यात हार्ड डिस्क नाही, प्रोग्रॅम आणि फायली सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांना पुरवणाऱ्या मध्यवर्ती कम्प्युटरवर. मे 1996 मध्ये ओरॅकल, सन, आयबीएम, ॲपल आणि नेटस्केप या कंपन्यांनी त्याचं किमान स्वरूप जाहीर केलं. पीसीला तेव्हा सहज दीड-दोन हजार डॉलर पडत, म्हणून 500 चा आकडा डोळ्यांत भरला. प्रत्यक्षात ऑक्टोबरमध्ये सनचा असा डबा, जावास्टेशन, आला तो 742 डॉलरपासून पुढे. सर्व्हर आणि केबलचा खर्च वेगळा. पाठोपाठ 1997 च्या सुरुवातीला कॉम्पॅकने 999 डॉलरचा प्रेसारिओ पीसी काढला आणि 1998 च्या अखेरीस ईमशीन्सचे पीसी 500 डॉलरच्या आत आले. लोकांनी डब्याची उद्याची किंमत पीसीच्या आजच्या किमतीशी ताडून पाहिली होती. चूक तिथेच झाली.

दुसरी अडचण तारेची. घरातल्या 28.8 केबीपीएस मोडेमवर 1 एमबी उतरायला जवळपास 5 मिनिटं लागत. ऑफिसात तरी काय? सकाळी 9 वाजता 50 यंत्रं एकदम सुरू झाली आणि प्रत्येकाने सर्व्हरकडून 8 एमबी मागितले, तर 400 एमबी. सगळ्यांत वाटल्या जाणाऱ्या 10 एमबीपीएसच्या (सेकंदाला सव्वा एमबी) इथरनेटवर, म्हणजे ऑफिसच्या केबलवर, ती तार शंभर टक्के वापरली गेली तरी जवळपास साडेपाच मिनिटं जातात, आणि तार तशी कधीच वापरली जात नाही: पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, एकमेकांवर आपटतात, सर्व्हरच्या डिस्कपुढे रांग लागते. सर्व्हर बसला तर पन्नासही जण हातावर हात ठेवून. बरं, चालवायचं काय? कोरेल या सॉफ्टवेअर कंपनीने आपला ऑफिस संच जावात, म्हणजे अशा डब्यांवर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, लिहायला घेतला आणि 1997 मध्ये सोडून दिला.

आता शेअरकडे ये. ज्याने ओरॅकल किंवा सन घेतला त्याने नेटवर्क कम्प्युटर घेतलाच नव्हता. ओरॅकलचं पोट डेटाबेसवर भरत होतं, सनचं वर्कस्टेशन (ताकदवान कम्प्युटर) आणि सर्व्हरवर. कल्पनेच्या खऱ्या अर्थाने जवळ होती सिट्रिक्स, जी विंडोजचे प्रोग्रॅम सर्व्हरवर चालवून फक्त पडद्यावरचं चित्र पलीकडे पाठवायची. फेब्रुवारी 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘हे आम्हीच करू’ असं सूचित केलं आणि सिट्रिक्सचा शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला. मे महिन्यात त्याच मायक्रोसॉफ्टने सिट्रिक्सच्या तंत्रज्ञानाच्या परवान्यासाठी 7.5 कोटी डॉलर रोख आणि पुढे आणखी 10 कोटींपर्यंत द्यायचं कबूल केलं, आणि भाव सावरला. तंत्र फेब्रुवारीत होतं तेच मेमध्ये होतं. बदलला तो फक्त शेजाऱ्याचा विचार.

सगळ्यात गमतीची एकॉर्न. ओरॅकलसाठी नमुन्याचा डबा केंब्रिजच्या या कंपनीने बनवला, आत एआरएम या चिप आखणाऱ्या कंपनीची चिप. डबे फारसे खपले नाहीत. पण एआरएममध्ये एकॉर्नचा हिस्सा होता, एप्रिल 1998 मध्ये एआरएम बाजारात आली, आणि तो हिस्साच अख्ख्या एकॉर्नच्या बाजारभावापेक्षा मोठा ठरला. 1999 मध्ये कंपनी मोडून भागधारकांना एआरएमचा वाटा मिळाला. नेटवर्क कम्प्युटरच्या आशेने एकॉर्न धरून बसलेल्यांना पैसे मिळाले, पण भलत्याच कारणाने. ही हुशारी धरायची का, तूच सांग.

म्हणून तुझ्या कंपनीचं आधी हे बघ. एकूण उत्पन्नात क्लाउड कम्प्युटरचा वाटा किती टक्के? दहाच्या आत असेल तर तू दुसरंच काही विकत घेतो आहेस. ‘ऑर्डर’ म्हणतात त्या चाचणीच्या आहेत की पैसे जमा झालेल्या? मासिक भाडं गुणिले 36, त्यात नेटचं बिल मिळवून जो आकडा येईल तो पुढच्या वर्षीच्या स्वस्त लॅपटॉपशी लावून बघ, यंदाच्या नव्हे. आणि विंडोजचा परवाना भाड्यात असेल तर त्याचा दर वाढवायचं कोणाच्या हातात आहे, ते करारातून शोध.

वार्षिक अहवालातलं विभागवार उत्पन्नाचं पान मला पाठव. शनिवारपर्यंत खरेदी करू नकोस.

तुझी,
आई