रजिस्टर नको, शेजारी बसा

माझी नात चार वर्षांची. बोलत नाही, भांडे आपटले की कान दाबून कोपरा गाठते. आमच्या पूर्व भागातल्या अंगणवाडीत तिला सुरुवातीला नुसता खाऊ देऊन घरी धाडत. सेविकेला बोल लावत नाही. वजने, सर्वेक्षण, मोबाइलवरच्या नोंदी यातून वेळ उरला तर मुले!

मग ओळखीच्या एक विशेष शिक्षिका चार सकाळी सेविकेशेजारी बसल्या. खिचडीचे पातेले लांब ठेवा, गाण्याआधी चित्र दाखवा, विचारल्यावर मनात दहा मोजा. एवढेच. परवा नातीने वाटी पुढे करून बोटाने 'अजून' मागितले, तेव्हा सेविकाच आधी रडली.

दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व आहे. 2023 मध्ये केंद्राने अंगणवाड्यांसाठी दिव्यांग बालकांची कार्यपद्धतीही आणली. पण प्रशिक्षणाला सभागृहात बसून ऐकलेले वर्गात टिकत नाही. अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका रजिस्टर बघायला केंद्रावर येतातच. त्यांनाच हे शिकवून, महिन्यातून एक सकाळ सेविकेजवळ मुलांत बसवावे. जिल्हा परिषद आणि महापालिकेने निदान काही केंद्रांत हे जूनपासून सुरू करावे.

– एक आजी, सोलापूर