बोलणाराच पोपट कशाला हवा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पाळीव पोपटांवरचा लेख वाचला, फोटो झकास होते, पण लोक पोपट निवडतात कशावरून ते काही त्यात आलं नाही म्हणून लिहितेय. आमच्या मालवणात पहिला प्रश्न एकच, बोलतो का? आणि मग गळ्याला कंठी आहे का? आता कंठी येते नराला आणि तीही साधारण तिसऱ्या वर्षी, तेव्हा पिल्लू दाखवून कोणी छातीठोक नर म्हणत असेल तर तो सरळ फेकतोय. जास्तच हौशी असतील त्यांना खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा पहाडी पोपट हवा असतो. हा कंठीवाला आणि तो पहाडी, दोन्ही देशी पोपट पाळणं वन्यजीव कायद्याने (१९७२ चा आहे तो) गुन्हा आहे, पण आजोबांच्या काळापासून पडवीत पिंजरा टांगलेला बघितलाय ना, मग कोणाला ते खरंच वाटत नाही. आणि गिऱ्हाईक आहे म्हणून दरवर्षी सुकलेल्या माडाच्या ढोलीतून पिल्लं काढली जातात, पिसं धड फुटलेली नसतात.

कायद्याला घाबरणारे परदेशी पक्ष्यांकडे वळलेत. तिथे रंग बघतात. सन कोन्युअर पिवळाधमक, रीलमध्ये भारी दिसतो, पण ओरडतो असा की वाडीत शेजारी लांब म्हणून निभतं, फ्लॅटमध्ये सोसायटीची मीटिंगच लागेल. आफ्रिकन ग्रे गप्पा मारायला हवा असतो, पण तो चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो, साठीत घेतलात तर नातवाच्या गळ्यात पडणार हे नक्की, आणि जंगलातून पकडून पकडून तो इतका कमी झाला की २०१६ मध्ये साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात घालावा लागला. २०२४ च्या नियमांनी असे पक्षी परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदवावे लागतात, दुकानदार हे सांगत नाही, सूर्यफुलाच्या बियांची पिशवी हातात देतो आणि मोकळा. नुसत्या बियांवर अ जीवनसत्त्व कमी पडतं हो, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा द्या. मिरची बिनधास्त द्या, पक्ष्यांना तिखट लागतच नाही. शेंगदाणे मात्र आपल्या पावसाळ्यात नको, बुरशी कधी धरते कळत नाही.

मला विचाराल तर कॉकाटील, हा तुरेवाला छोटा परदेशी पोपट. बजरीसारखीच (ते छोटे रंगीत पोपट) याचीही नोंदणी लागत नाही, शब्द फारसे येत नाहीत पण नर शिट्टीवर चाल उचलतो, आणि डोक्यावरचा तुरा बघून त्याचा मूड कळतो, एकदम ताठ झाला की समजा दचकलाय, चपटा करून फिसकारला की हात मागे घ्या. आमचे शेजारचे काका म्हणतात, "बोलना नाय तर पाळून उपेग काय?" त्यांना काय सांगणार. तोटा पण सांगते, याच्या पिसांची पांढरी पूड घरभर उडते, दमेकऱ्यांनी लांबच राहावं. आणि कुठलाही पक्षी असो, नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा तापत ठेवू नका, त्या धुराने पक्षी पटकन मरतो.

पुढच्या वेळी फोटोंच्या बाजूला हे पण छापा. आणि ज्यांच्याकडे देशी पोपट आहे त्यांनी हे वाचून घाबरून तो उडवून देऊ नये, पिंजऱ्यात वाढलेल्याला बाहेर स्वतःचं खाणं शोधता येत नाही, कावळे सोडत नाहीत ते वेगळंच. वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करून विचारावं.

आपली,
एक वाचक, मालवण