सहा पॉइंट सहाचा भरवसा

महोदय,

१४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाला ठिकठिकाणी शिबिरं होतात, ‘तीन महिन्यांची शुगर’ फुकट तपासून मिळते. चांगलंच आहे. फक्त आमच्या पूर्व विदर्भात त्या एकाच आकड्यावर कुणी विसंबू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

माझी मुलगी सोळा वर्षांची. नवव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही, रोज चार वेळा टोचून घ्यावं लागतं. गेल्या वर्षी तिचा एचबीए१सी, म्हणजे तीच ‘तीन महिन्यांची शुगर’, ६.६ आला आणि आम्ही हरखलो. घरच्या वहीत मात्र १९०, २२५, १७८ असे चढे आकडे. ग्लुकोमीटर बिघडला म्हणून नवा आणला, त्यावरही तेच. मग ‘हात न धुता बोट टोचतेस’ म्हणून मी तिलाच रागावले.

पुढे एका नव्या डॉक्टरांनी वही आणि रिपोर्ट शेजारी ठेवले आणि विचारलं, ‘घरात सिकलसेल कोणाला?’ सिकलसेल म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्तविकार. शाळेतल्या तपासणीत तिला मिळालेलं वाहक असल्याचं (म्हणजे एकाच पालकाकडून तो दोष आल्याचं) कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत पडून होतं. ते कधी कुणी मागितलं नव्हतं.

एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यावर हा सगळा हिशेब. सिकलसेलच्या रुग्णात पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आकडा खोटा कमी येतो. वाहकांच्या रक्तात तपासणीच्या काही पद्धती चुकतात. लोह कमी असेल तर उलट, आकडा फुगतो. (आमच्याकडच्या पोरींत दोन्ही सापडतं, मग काय खरं धरायचं?) दुसऱ्या पद्धतीने केलेल्या तपासणीत तिचा आकडा ८.१ निघाला.

लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे मूत्रपिंडाला इजा होऊ लागली की लघवीत उतरणारं प्रथिन, तोवर कुणी तपासलंच नव्हतं. टाइप वनला पाच वर्षं झाली की ते दरवर्षी तपासायचं, डोळ्यांचा पडदाही. तिला सात झाली होती. ३०च्या आत हवं ते ७० आलं, पुन्हा केलं तरी जास्तच. ना सूज, ना दुखणं. अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ टाइप वन रुग्णांच्या डीसीसीटी अभ्यासाने १९९३ मध्येच दाखवलं होतं की एचबीए१सीतून कळणारी साखरेची सरासरी नऊऐवजी सातच्या आसपास ठेवली, तर पडद्याचा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो. पण त्यासाठी सरासरी खरी कळायला हवी ना!

१ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे, कार्डं वाटली जातात. ते कार्ड मधुमेहाच्या केसपेपरला टाचलं जावं. प्रयोगशाळांनी रक्त घेताना सिकलसेलबद्दल एक प्रश्न विचारावा, रिपोर्टवर तपासणीची पद्धत छापावी. आणि वहीशी आकडा जुळत नसेल तर फ्रुक्टोसामीन ही रक्ताची दुसरी तपासणी करून घ्या. ते दोन-तीन आठवड्यांची साखर सांगतं, हिमोग्लोबिनच्या भानगडीत पडत नाही.

मुलीची माफी मी मागितली. ‘हात धुतलेले होते, आई,’ एवढंच म्हणाली.

– एक आई, वडसा (जि. गडचिरोली)