जनरेटर मध्येच थांबवायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

जावास्क्रिप्टचा जनरेटर, म्हणजे एकेक मूल्य देत मध्येच थांबणारं फंक्शन, अर्ध्यात बंद कसा करायचा, असं ज्यांना ज्यांना विचारलं त्यांचा सल्ला एकच: "बाहेर एक फ्लॅग ठेव, लूपमध्ये तपास." फ्लॅगने काय होणार? जनरेटर यील्डवर, म्हणजे मूल्य देऊन थांबायच्या जागी, उभा आहे. पुढचं मूल्य मागणारं नेक्स्ट() कुणी बोलावलंच नाही तर तो फ्लॅग बघणार कोण? फायनली, म्हणजे शेवटची आवराआवर करणारा भाग, चालत नाही, स्ट्रीमचं लॉक सुटत नाही, कनेक्शन उघडंच राहतं. हे दाखवल्यावर उत्तर आलं, "पान रिफ्रेश केलं की सुटतं." त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही सांगितलंत की ही सोय 2015 च्या ईएस6 या जावास्क्रिप्ट आवृत्तीपासून भाषेतच आहे. रिटर्न() बोलावलं की जनरेटर थांबल्या यील्डवरूनच परततो, आणि ते यील्ड ट्रायच्या आत असेल तर फायनली चालवूनच जातो. फॉर-ऑफ लूपमधून ब्रेक केलं की हे आपोआप होतं. व्हाइल लावून हाताने नेक्स्ट() बोलावत असाल तर रिटर्न()ही हातानेच बोलवायचं. फायनलीत यील्ड ठेवलं तर रिटर्न() नंतरही 'डन: फॉल्स', म्हणजे 'अजून संपलं नाही', येतं. आणि एकदाही नेक्स्ट() न झालेल्या जनरेटरवर रिटर्न() बोलावलं तर आतली एक ओळसुद्धा चालत नाही, फायनलीही नाही. म्हणून कनेक्शन बाहेर उघडून आत द्यायचं नाही, जनरेटरच्या आतच उघडायचं.

पण खरे आभार त्यानंतरच्या एका ओळीचे. प्रश्न सुटला होता, धन्यवाद म्हणून झालं होतं. तरी तुम्ही स्वतःहून परत येऊन लिहिलंत: "असिंक असेल तर एवढ्यावर विसंबू नका." असिंक जनरेटर, म्हणजे उशिरा येणाऱ्या उत्तराची वाट बघू शकणारा, आत अवेटवर, म्हणजे त्या वाट बघण्यावर, अडकला असेल तर रिटर्न() रांगेत थांबतं; फेच, म्हणजे नेटवर्कवरची मागणी, जितका वेळ लटकेल तितका वेळ तेही लटकतं. म्हणून फेचला तो मध्येच रद्द करू शकणाऱ्या अबॉर्टकंट्रोलरचा सिग्नल द्यायचा, आधी अबॉर्ट() करायचं, मग रिटर्न(). अडकलेलं नेक्स्ट() तेव्हा अबॉर्टएरर फेकतं, ते कॅचमध्ये धरायचं.

ती ओळ नसती तर सगळ्या टेस्ट हिरव्या दिसल्या असत्या आणि मंद नेटवर्कवर पान तसंच अडकून बसलं असतं. आपलंच उत्तर कुठे अपुरं पडतं, हे कुणी न विचारता सांगायला कामाची चाड लागते आणि समोरच्याबद्दल आस्थाही. अशी माणसं आहेत म्हणून या क्षेत्रात नवख्यांचा निभाव लागतो.

तुमची ओळ अबॉर्ट()च्या वर कॉमेंट म्हणून जशीच्या तशी ठेवली आहे. मनापासून आभार, ताई.