बॉबीताई, तुमचे आभार मानायचे राहिले होते

प्रिय बॉबीताई,

अमेरिकेतले कंट्री गायक विली नेल्सन यांच्या गाण्यांचे चाहते आमच्याकडेही आहेत. त्यांच्यामागे पियानोवर त्यांची थोरली बहीण, म्हणजे तुम्ही, बसायचात, हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांना सांगता येईल. मी सुगम संगीताच्या कार्यक्रमांत कीबोर्डची साथ करते, त्यामुळे माझे कान आधी साथीकडेच जातात. तुम्ही २०२२ च्या मार्चमध्ये गेलात, तेव्हा हे पत्र तुम्हाला मिळणार नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत.

विलींच्या बँडमध्ये तुम्ही आलात १९७३ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. धाकट्या भावाने रेकॉर्डिंगसाठी न्यूयॉर्कला बोलावलं आणि तुम्ही पहिल्यांदा विमानात बसलात. मुलं लहान असताना मी वाजवणं सोडून नोकरी धरली होती. चाळिशी उलटल्यावर पुन्हा सुरुवात करायची म्हटल्यावर घरचे म्हणाले, ‘आता या वयात?’ तेव्हा मी त्यांना तुमचं उदाहरण दिलं.

त्याआधीची तुमची वर्षं मला जास्त धीर देतात. टेक्सासमधलं ॲबट गाव, आईवडील सोडून गेलेले, आजीने पायपेटीवर दिलेले पहिले धडे (नाट्यसंगीतावर वाढलेल्या मला ही आजी लगेच ओळखीची वाटली), आजोबांनी ३५ डॉलरना आणलेला पियानो. सोळाव्या वर्षी लग्न, नवऱ्याच्याच बँडमध्ये वादन, तीन मुलगे. संसार मोडला तेव्हा मुलांचा ताबा सासरकडे गेला, कारण बारमध्ये पियानो वाजवणारी बाई आई म्हणून पसंत नव्हती. ऑर्केस्ट्रातल्या बायकांना हे आमच्याकडेही ऐकावं लागतं, फक्त जरा गोड शब्दांत. तुम्ही सेक्रेटरीचं काम शिकलात, फोर्ट वर्थला हॅमंड ऑर्गनच्या कंपनीत नोकरी केलीत, गिऱ्हाइकांना ऑर्गन वाजवून दाखवलात आणि मुलं परत मिळवलीत.

आता वाजवण्याबद्दल. विली कधी तालाच्या मागे रेंगाळतात, कधी पुढे निघून जातात. अशा गायकाच्या मागे धावायचा मोह भल्याभल्यांना होतो. तुम्ही जागा सोडत नाही. विलींच्या १९७५ च्या ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ या अल्बममध्ये वाद्यं इतकी मोजकी आहेत की साथीतली लबाडी लपूच शकत नाही. तिथे तुमचे दोन-चार स्वर येतात, थांबतात, गाणाऱ्याला वाट मोकळी ठेवतात. आणि त्याच रेकॉर्डवर ‘डाउन यॉन्डर’मध्ये नुसता पियानो पुढे येतो, तेव्हा कळतं की हात किती पळू शकतात आणि एरवी किती आवरलेले असतात! हे आवरणं मी तुमच्याकडून घेतलं. शिकवणीत मला कोणी सांगितलं नव्हतं. तिथे सगळा भर बोटं पळवण्यावर.

स्वतःच्या एकटीच्या नावाचा अल्बम तुम्ही पंचाहत्तरी उलटल्यावर काढलात. याबद्दल थोडं भांडायचंही आहे: इतका उशीर कशाला? तुम्ही विलींपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या, आणि ते मात्र स्टेजवर ‘लिटल सिस्टर’ म्हणून ओळख करून देत! तुम्ही हसून खपवून घेतलंत.

परवा एका गायिकेने ओळ मध्येच लांबवली. मधली जागा भरायला मी गेले नाही, स्वर धरून राहिले. ती बरोबर समेवर आली. कार्यक्रमानंतर तिने माझे आभार मानले. ते तुमच्याकडे पाठवते आहे.

तुमची,
एक साथीदार