मामा, तुम्ही किटला हात लावला नाहीत

मामा, नमस्कार.

परवा प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या मॅडमनी माझ्या कागदावरच्या प्रोग्राममधल्या 32, 50, 20 या तीन आकड्यांवर पेन टेकवलं आणि विचारलं, "मेमरीतला पत्ता 2050 आहे ना? मग 50 आधी का?" मी उत्तर दिलं, न अडखळता दिलं. मॅडमनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि "छान" म्हणाल्या. तुम्ही तेव्हा दाराशी उभे होतात. बाहेर पडताना तुमच्याशी बोलायचं होतं, पण तुम्ही पुढच्या बॅचसाठी किट मांडायच्या घाईत होतात. रात्री झोप लागेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

चारचौघांत लिहितेय, कारण तुमच्याबद्दल चारचौघांत कोणी बोलत नाही. कॉलेजच्या अंकात सगळ्यांचे फोटो येतात. लॅब अटेंडंटचा मी कधी पाहिलेला नाही.

तुम्हाला तो दिवस आठवतही नसेल, म्हणून सांगते. ऑगस्टमधला गुरुवार होता, पाऊस लागून राहिला होता. त्याआधी तीन आठवडे मी त्या लॅबमध्ये नुसती उभी होते. 8085 या जुन्या प्रोसेसरवर शिकायचं, कीपॅड आणि छोटा डिस्प्ले असलेलं एक किट आणि त्याच्याभोवती आम्ही चौघं. ज्याचा हात कीपॅडवर, त्याचा प्रोग्राम. बाकीच्यांनी रीडिंग उतरवून घ्यायचं. मी काही विचारलं की शेजारचा मुलगा माझा हात बाजूला करून भराभर बटणं दाबायचा, "हे बघ, आलं." सरांना विचारलं, तर त्यांनीही तेच केलं. माझ्याकडे न बघता उभ्याउभ्या प्रोग्रामचे नऊ आकडे (बाइट) टाकले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. पत्ता उलटा का लिहायचा, या प्रश्नावर "सिलॅबसमध्ये नाही, पाठ कर" असं उत्तर मिळालं. बाबांनी पैसे भरून लावलेल्या क्लासमध्येही तेच. याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. विचारणाऱ्याला गप्प कशाला बसवायचं? बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी आधीच तोंड उघडायला घाबरते. तिला दोनदा गप्प केलं की ती तिसऱ्यांदा विचारत नाही. मीही विचारणं सोडून दिलं होतं.

त्या दिवशी बॅच सुटल्यावर मी एकटी मागे थांबले. प्रोग्राम अगदी साधा होता. 25 आणि 17 यांची बेरीज करायची आणि उत्तर 2050 या पत्त्यावर ठेवायचं. ऑपकोडच्या, म्हणजे प्रत्येक आज्ञेला ठरलेल्या आकड्याच्या, तक्त्यात बघून एकेक ओळ मी स्वतः आकड्यांत उतरवली होती. 3ई 25, म्हणजे ए रजिस्टरमध्ये, प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, 25. 06 17, म्हणजे बी मध्ये 17. 80 म्हणजे बेरीज. मग 32, म्हणजे उत्तर नेऊन ठेव, आणि पुढे पत्ता. शेवटी 76, थांब. 2000 पासून 2008 पर्यंत सगळं टाकून झालं आणि लाइट गेली. लाइट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून टाकलं. गो, 2000, एक्झिक्यूट. डिस्प्लेवर डावीकडे ई आला, म्हणजे प्रोग्राम चालला. रिसेट करून 2050 उघडलं, तर तिथे उत्तराऐवजी एफएफ. पाच वेळा केलं, पाचही वेळा एफएफ. इलेक्ट्रॉनिक्स सोडून दुसरा विषय घेता येईल का, हे मी तेव्हा मनातल्या मनात ठरवत होते.

तुम्ही किल्ल्यांचा जुडगा घेऊन आलात. पंखे आणि दिवे बंद करत करत माझ्या टेबलापर्यंत पोचलात. मला वाटलं, आता "चला, निघा" म्हणणार. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, डिस्प्लेकडे बघितलंत, जुडगा खिशात टाकलात आणि परत जाऊन माझ्या डोक्यावरचा पंखा लावलात. मग शेजारी येऊन उभे राहिलात, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

मामा, मला त्या हातांबद्दलच लिहायचंय. इतकी वर्षं पोरांच्या चुका बघणाऱ्या तुम्हाला माझी चूक एका नजरेत दिसली असणार. चार बटणं दाबली असती तर तुम्ही मिनिटभरात कुलूप लावून मोकळे झाला असतात. तुमची सहाची एसटी माझ्यामुळे चुकली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तरी तुमचे हात शेवटपर्यंत पाठीमागेच होते.

"काय टाकलंयस ते वाचून दाखव," तुम्ही म्हणालात. "बटण तूच दाब."

मी 2000 पासून नेक्स्ट दाबत वाचत गेले. 32. 20. 50.

"थांब. बेरीज कुठनं सुरू करतीस? एकंपासनं का दहंपासनं?"

"एकंपासून."

"मग ह्याला पण एकंचं घर आधी लागतंय."

मी 2006 वर 50 टाकलं, 2007 वर 20. हात थरथरत होता. इतका वेळ माझं उत्तर 5020 कडे जात होतं आणि आपल्या किटवर त्या पत्त्याला रॅमच, म्हणजे लिहून ठेवायची मेमरीच, नाही. म्हणजे बेरीज दर वेळी होत होती, फक्त ठेवायला जागा नव्हती. पुन्हा एक्झिक्यूट केलं, 2050 उघडलं. 3सी. मी परत घाबरले, 42 पाहिजे ना? तुम्ही हसला नाहीत. "सोळाच्या हिशोबानं मोज," एवढंच म्हणालात. किट नवानंतर दहाला ए, अकराला बी म्हणतं. पाच आणि सात बारा, बारा म्हणजे सी. दोन आणि एक तीन. "आलं की," तुम्ही म्हणालात आणि किल्ल्या बाहेर काढल्यात.

मामा, तुमचं ते एकंचं घर मी नंतर शोधून वाचलं. ते खरंच तसंच आहे. 1970 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या एका कंपनीनं डेटापॉइंट 2200 नावाचं यंत्र आणलं. त्याचा प्रोसेसर एका वेळी एकच बिट, म्हणजे एकच 0 किंवा 1, हाताळायचा आणि उजवीकडून सुरुवात करायचा, कारण हातचा तिकडूनच पुढे जातो. म्हणून त्यात पत्त्याचा लहान भाग आधी. त्याच यंत्रासाठी इंटेलनं चिप करायला घेतली. त्या यंत्रात ती वापरली गेलीच नाही, पण 1972 मध्ये 8008 म्हणून बाजारात आली. तिच्या मागून 1974 मध्ये 8080 आणि 1976 मध्ये आपला 8085. प्रत्येकानं ती रीत पुढे चालवली. आज इंटेलचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपमध्येही आकडे तसेच, एकंचं घर आधी. परीक्षेत मी हेच सांगितलं. सुरुवात मात्र तुमच्या वाक्यानं केली.

माझी आजी साठीत सही करायला शिकली. बँकेत तिची स्लिप भरून देणारे पुष्कळ भेटायचे, "आजी, अंगठाच द्या, लवकर होईल" म्हणणारेही. एक कारकून मात्र खिडकीपलीकडे पेनाचं टोपण हातात धरून गप्प बसायचे. मागे रांग असायची, तरी तिचं शेवटचं अक्षर होईपर्यंत बसायचे. आजी अजून त्यांचं नाव काढते. चांगली माणसं म्हटलं की मला आधी ते आठवायचे. आता तुम्हीही आठवता.

सोमवारी येते. 80 च्या पुढे 27, म्हणजे उत्तर दहाच्या हिशोबात आण, टाकलं की 3सीच्या जागी 42 दिसतात, ते स्वतःच्या हातानं करून बघायचंय. चार वाजता लॅब मोकळी असते ना? तुमच्या एसटीच्या आधी आवरते.

तुमची,
एस. वाय. बी.एस्सी.ची, खिडकीजवळच्या किटवरची